शेठची आंघोळ

"सरका बाजूला!" मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "सगळ्या गावाला पोहायला शिकवलं मी. हे काय, चार पायांचं पोर!"

चार पायांचं पोर पलंगाखाली भिंतीला चिकटून थरथरत होतं. महिन्यापूर्वी लेकीने त्याला बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून घरी आणलं आणि थाटात नाव ठेवलं, शेठ. हा शेठ कशाला घाबरत नाही ते विचारा. उघडलेली छत्री, वाजलेली बेल, स्वतःची शेपटीसुद्धा. पाण्याची तर नुसती बादली सरकली तरी गायब. पण आता अंगभर खरूज उठली होती. आश्रमातल्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, औषधाची आंघोळ आजच झाली पाहिजे, जमत नसेल तर संध्याकाळी येऊन त्याला परत नेते. तेव्हापासून लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

बाथरूममध्ये कोमट पाण्याचा टब भरून तयार. आई टॉवेल घेऊन दारात.

"बाबा, त्याला ढकलायचं नाही हं," लेक म्हणाली.

"ढकलल्याशिवाय कुणी शिकलंय का आजवर?"

हे मास्तरांचं ब्रह्मवाक्य. पोराला तलावाच्या काठावर उभं करायचं, शिट्टी फुंकायची आणि मागून एक धक्का. पोर गटांगळ्या खातं, भोकाड पसरतं आणि तरंगतं. सगळी तरंगली. फक्त त्यांची स्वतःची लेक लहानपणी त्या एका धक्क्यानंतर पुन्हा तलावाकडे फिरकली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरात हा विषय कुणी काढत नसे.

लेकीने शेठला पोटाशी धरून, गोड बोलून, कसंबसं टबाजवळ आणलं. एक पंजा पाण्यापाशी आला. मास्तरांना स्फुरण चढलं, हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडे गेला, आणि त्यांनी ती फुंकली.

शेठ लेकीच्या खांद्यावरून उडाला, आईच्या पायांतून निसटला, वाटेत स्टुलावरचा तांब्या लवंडला आणि स्वारी थेट पलंगाखाली.

"अहो, कुत्रा आहे तो! स्पर्धा आहे का इथे?" आई ओरडली.

लेक मात्र ओरडली नाही. ओल्या फरशीवरच बसली. "मीसुद्धा तेव्हा हीच शिट्टी ऐकली होती, बाबा," ती म्हणाली. "अजून ऐकू येते."

मास्तरांना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायची कलाही त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी शिट्टी काढून बायकोच्या हातात दिली, आणि होते तसे, पँट-शर्टासकट, टबात जाऊन बसले. टब लहान, मास्तर ऐसपैस. अर्धं पाणी बाहेर आलं, गुडघे हनुवटीला टेकले.

"अगं बाई! अडकाल तिथेच!"

"अडकू दे. त्याला दिसू दे, पाणी काही खात नाही म्हणून." मग पलंगाच्या दिशेने, "शेठ, या की! मालक बुडायला लागलेत!"

आईला हसू आवरेना. तिचं हसणं ऐकून की काय, पलंगाखालून आधी नाक आलं, मग कान. "आला, आला!" लेक कुजबुजली आणि तिने स्वतःचंच तोंड दाबून धरलं. शेठ पोट जमिनीला घासत आला. टबापाशी थांबला. मास्तरांचा ओला गुडघा हुंगला, चाटला, आणि एक पाय पाण्यात टाकला. मग दुसरा. मग सगळा शेठ मास्तरांच्या मांडीवर!

मास्तरांनी पाण्याचा मग भरून उचलला. शेठ शहारला. मास्तरांच्या हातातला मग तिथेच अधांतरी थांबला.

"भीती वाटते? बरं, थांबू या," मास्तर हळूच म्हणाले. "घाई नाही. तू म्हणशील तेव्हा."

लेक दाराशी उभी राहून ऐकत होती.

बऱ्याच वेळाने शेठने मास्तरांच्या काखेत डोकं खुपसलं. पाणी पाठीवरून ओघळलं, त्याने ते ओघळू दिलं. मग काय विचारता! औषध, फेस, पुन्हा पाणी. शेठने अंग झाडलं आणि भिंती, आरसा, आईची साडी, सगळ्यांना आंघोळ घातली. "झाली! झाली! बाईंना फोन लावा, आमचा शेठ कुठेही जाणार नाही!" आई टॉवेल झेंड्यासारखा फडकवत सुटली.

लेकीने शेठला उचलून घेतलं. मास्तर अजून टबातच, मिशीला फेस, उठता येईना म्हणून दोन्ही हात पुढे केलेले.

"बाबा, रविवारी मला तलावावर न्याल?"

मास्तरांचे हात तसेच राहिले. "नेईन. तू म्हणशील तसं."

"आधी तुम्ही उतरायचं," ती म्हणाली.