खातं दुसरीकडे सुरू आहे

‘आजही फेकलं मला बाहेर!’

प्रमोदिनी दारात चपला काढत होती तोच अशोकराव म्हणाले. हातातला कंट्रोलर त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखा वर धरला होता. टीव्हीवर नेहमीचं वाक्य होतं : हे खाते दुसऱ्या कन्सोलवर सुरू आहे. तुम्हाला येथून बाहेर काढण्यात आले आहे.

‘किती वेळ खेळलात?’

‘खेळतोय कोण? गाडी सुरू करून नुसता उभा होतो. साहेब आले, बापाला हाकललं, बसले खेळायला. माझ्यावरच गेलाय.’

‘जेवायला चला,’ ती म्हणाली.

आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात अशोकरावांची सगळी नोकरी गेली. तिथेच मुलानं, उन्मेषनं चिकटावं म्हणून त्यांनी शब्द टाकला होता. उन्मेषला बंगळुरूत गेम तपासायचं काम मिळालं होतं. ‘खेळच खेळायचे असतील तर या घराबाहेर जाऊन खेळ,’ असं अशोकराव म्हणाले आणि तो गेला. त्याचा खेळायचा कन्सोल मात्र इथेच राहिला.

रागाच्या भरात अशोकराव तो विकायला रिची स्ट्रीटवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेऊन गेले होते. तमिळ दुकानदारानं तो लावून पाहिला.

‘सार, डबा तुमचा. गेम सगळे मुलाच्या नावावर. तो नेटवर येऊन सोडत नाही तोवर दुसऱ्याला चालणार नाहीत.’

ते डबा तसाच परत घेऊन आले. पुढे त्यांना हृदयाचा झटका आला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी मेहुणा होता. प्रमोदिनीला ताप आलाय, दवाखान्यात येऊ नको म्हटलंय, असं तो म्हणाला. उन्मेष बघायलाही आला नाही. ते त्यांनी मनावर कोरून ठेवलं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या : जिना आणि मनस्ताप. फोन प्रमोदिनीकडे गेला. करायला काही नाही म्हणून एकदा त्यांनी कन्सोल लावला. आत अजून उन्मेषचंच खातं होतं. ते गाडी घेऊन भिंतींवर आपटत होते आणि अचानक पडद्यावर ते वाक्य आलं. अशोकराव कितीतरी वेळ ते वाचत राहिले. खातं एकच, एका वेळी एकाच जागी चालणार. म्हणजे मुलगा कुठेतरी बसला होता. धडधाकट होता. खेळत होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते कन्सोल लावत आणि हाकलून घेत.

रविवारी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या मंदारला बोलावून घेतलं. मंदार ओरगडमच्या ट्रक कारखान्यात होता, एकटाच राहायचा. उन्मेष असताना दोघं त्याच्याकडच्या कन्सोलवर खेळत बसायचे. आता प्रमोदिनी संध्याकाळी वर जाऊन त्याच्या गॅसवर तिघांपुरत्या पोळ्या करायची आणि दोघांच्या खाली आणायची. इडलीनं पोरगं वाळलंय, असं तिचं म्हणणं होतं.

‘मला माझं खातं काढून दे,’ अशोकराव म्हणाले. ‘त्याला निरोप धाडायचाय. धाडता येतो ना?’

मंदारनं कंट्रोलर हातात घेतला. मग म्हणाला, ‘येतो. पण काका, कशाला? चाललंय ते बरं चाललंय.’

‘काय बरं चाललंय? रोज मी त्याचा खेळ मोडायला जातो. एकदा सरळ बोलू दे.’

‘काकूंना विचारलंत?’

‘तुझी काकू वर पोळ्या लाटतेय. तिला नंतर सांगू. काढ.’

मंदारनं खातं काढून दिलं. वेळ लावून दिलं. उन्मेषच्या नावापुढे ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका लागला तेव्हा अशोकरावांनी मंदारचा दंड धरला. ‘लिही. चूक माझी होती. बास. पुढे बाबा म्हणून लिही.’

निरोप गेला. खाली तीन टिंबं हलायला लागली. थांबली. पुन्हा हलली.

‘एवढं काय लिहितोय?’

‘कंट्रोलरनं एकेक अक्षर निवडावं लागतं, काका.’

शेवटी उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. मंदारनं वाचून दाखवलं : ‘बाबा, माझा राग नाही. गोळ्या वेळेवर घ्या.’

अशोकरावांनी चष्मा काढला. डोळे पुसता पुसता ते हसायला लागले.

‘गोळ्यांचं याला कुणी सांगितलं? सांग ना! तुझ्या काकूनं. मायलेकांचं बोलणं चालू आहे, मला ठाऊकच होतं. मघाशी तू कशाला, असं का म्हणालास ते आत्ता कळलं. तूही सामील लेका!’

मंदारनं मान खाली घातली.

‘अरे, मी रागावलो नाही. माझ्यामागे बोलले तरी बोलले, एवढंच पाहिजे होतं मला. आता विचार, घरी कधी येतोस? दवाखान्यात आला नाहीस तेही सोडलं म्हणावं.’

‘काका...’

‘लिही.’

मंदारनं लिहिलं. टिंबं हलली नाहीत. हिरवा ठिपका तसाच होता.

‘विचार करतोय,’ अशोकराव म्हणाले. ‘रजा बघत असेल. जा, काकूला बोलावून आण. म्हणावं, चोरी पकडली गेली, आता लपवू नको काही.’

मंदार जिना चढून वर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर कणीक मळून ठेवली होती, तवा अजून गार होता. प्रमोदिनी टीव्हीसमोर जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांत त्याचा कंट्रोलर घट्ट धरून.

‘कधी येतोस म्हणून विचारतायत,’ ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. ‘काय लिहू, मंदार? दवाखान्यात त्यांना बघायलाच निघाला होता. अग्नी मी दिला.’