चारशे एकोणिसावं सायटेशन

इरावतीने ताटावरून मान वर न करता सांगितलं, की सोमवारपासून ती बाबाचा २००९ चा प्रयोग पुन्हा करून बघणार आहे.

विद्याधरचा घास हातातच राहिला.

त्याच्या नावावर एकसष्ट पेपर होते, पण नाव झालं ते त्या एकामुळे. एक ठरावीक जनुक बंद केलं की कर्करोगाच्या पेशी किती पटीने मरतात, याचा तो पेपर. चारशे अठरा सायटेशन्स. बढती, परदेशची बोलावणी, मुलुंडचा हा फ्लॅट, सगळं त्याच्याच जोरावर. आणि त्यातला मुख्य तक्ता त्याने याच टेबलावर बसून मनानेच लिहिला होता. प्रयोग पाचदा फसला होता आणि मुदत संपत आली होती.

इतकी वर्षं निभावलं, कारण चारशे अठरा जणांनी हवाला दिला, करून मात्र एकानेही पाहिलं नाही. या क्षेत्रात असंच चालतं. आता करून पाहणारी निघाली ती पोटची पोर.

"दुसरं काहीतरी घे ना," तो म्हणाला. "जुनं झालं ते."

गाइडनीच सांगितलंय, असं म्हणून ती हात धुवायला उठली.

त्यानंतर संध्याकाळी दारात किल्ली वाजली की तो बातम्या लावून बसायचा. नोकरीची त्याला आता फारशी पर्वा नव्हती. पोरीच्या नजरेतून उतरायची भीती होती, आणि ती भीती त्याला जेवू देत नव्हती. अंधेरीच्या लॅबमधून ती गप्प गप्प यायची. एकदा त्याच्या बायकोने, रेवतीने, खोदून विचारलं तेव्हा इतकंच म्हणाली, की पेशी ऐकत नाहीत, फेलोशिप मार्चमध्ये संपतेय आणि 'जमलं नाही' असं कुणी छापत नाही. विद्याधरने बातम्यांचा आवाज वाढवला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मात्र त्याने मन घट्ट केलं.

"इरा, मला तुला काही सांगायचंय."

"आधी हे बघ, बाबा." तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "जमलं. पेपर स्वीकारला त्यांनी. तुझं चारशे एकोणिसावं सायटेशन माझं."

रेवती देवापुढे साखर ठेवायला धावली. विद्याधरने चष्मा लावला. त्याचेच आकडे होते. दशांशात जरा इकडेतिकडे हलवलेले, त्यानेही हलवले असते तसेच.

"इरा," त्याने हळू आवाजात विचारलं, "हा प्रयोग तू किती वेळा केलास?"

लॅपटॉपवरून मान वर न करता ती म्हणाली, "हे आकडे यायला? तू केलास तितक्याच वेळा, बाबा."