तांबड्याची मेहनत

"नऊ मिनिटं." सबनीसांनी धापा टाकत घड्याळ बायकोपुढे धरलं. तळ्याच्या फेरीला त्यांना रोज चौदा लागत. आज बागेतलं तांबडं कुत्रं फेरीभर मागे लागलं होतं. "असाच पळालो तर रविवारच्या शर्यतीत शेजारच्या मोकाशींना धूळ चारतो."

"त्या मुक्या जिवाची मेहनत आहे ती," बायको म्हणाली. "त्याला काहीतरी घाला."

सबनीसांना पटलं. शनिवारपर्यंत रोज बिस्किटांचा एक पुडा गेला.

रविवारी शर्यतीत सबनीस मुद्दाम कुत्र्याच्या जवळून पळाले. ते शेपटी हलवत आलं आणि त्यांच्या पायांत उताणं पडलं. सबनीसांना थांबावंच लागलं. तेवढ्यात मागून मोकाशी आले. आपल्या माणसावर कोणीतरी धावून येतंय असं वाटून कुत्रं भुंकत त्यांच्या मागे सुटलं.

मोकाशींनी फेरी आठ मिनिटांत मारली.