दोन बोटांचा सलाम

सिग्नल सुटला तेव्हा समोरून येणारी मोठी मोटरसायकल नवऱ्याचीच आहे, हे तिनं लांबूनच ओळखलं. स्कूटरच्या हँडलवरचा हात उचलून तिनं चांगला खांद्यापर्यंत हलवला. नवऱ्यानंही डावा हात सोडला, कमरेखाली नेला आणि दोन बोटं रस्त्याकडे रोखली. ती खुलली. तेवढ्यात तिच्या पुढे असलेल्या मोठ्या गाडीवाल्यानं अगदी तस्साच हात करून उत्तर दिलं आणि दोघं एकमेकांना ओलांडून निघून गेले. तिच्या स्कूटरकडे नवऱ्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो बूट काढत असताना तिनं विषय काढला.

"चौकात हात केलास तो ओळखीचा होता?"

"छे. मोठ्या गाडीवाले एकमेकांना करतातच. पद्धत आहे आमची."

"त्याच्या मागे मी होते."

"असशील. हेल्मेटमधला चेहरा कोण बघतं? आम्ही गाडी बघतो." त्यानं दुसरा बूट काढला. "स्कूटरवाल्यांना हात करत बसलो, तर हँडल कधी धरायचं?"

स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. तिला मात्र ते जिव्हारी लागलं.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर दुसऱ्यांचं हसू घासूनपुसून चकचकीत करायचं आणि घरी येऊन आपण दातओठ खायचे, असं तिचं सुरू झालं. तिला हेवा वाटत होता, सरळसरळ हेवा. ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा दाढीवाल्यांना, पोटं सुटलेल्यांना त्याचा सलाम. आणि अकरा वर्षं एका छपराखाली राहणारी बायको त्या सलामाच्या लायकीची नाही. पूर्वी रविवारी तो तिला मागे बसवून न्यायचा, तेव्हा निदान सलाम मोजायला तरी मिळायचे. हल्ली त्यांची टोळी निघायची आणि टोळीत मागे कुणाला बसवायचं नाही, असा म्हणे नियम झाला होता.

मग तिनं चंगच बांधला. मोठ्या गाडीवर बसून समोरून जायचं आणि एकदा तरी तो सलाम वसूल करायचा.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा मेकॅनिक होता. त्याची कवळी तिनं तीनदा घासून नीट बसवून दिली होती, त्यामुळे तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. दीड महिना दुपारच्या सुट्टीत ती त्याच्या गॅरेजमागच्या पटांगणात शिकली.

"क्लच हळू सोडा, ताई," तो ओरडायचा. "कवळी बसवताय असं समजा. घाई केली की माणूस बोंबलतो."

ती दोनदा पडली. गुडघा काळानिळा झाला, तेव्हा घरी सांगितलं की लॅबच्या जिन्यावरून घसरले. "बघून चालत जा," नवरा फोनमधून डोकं न काढता म्हणाला.

अखेर एका रविवारी मेकॅनिकनं मान डोलावली. त्या सकाळी तिनं नवऱ्याला सहज सांगितलं, "मी बहिणीकडे चाललेय. संध्याकाळी येईन."

"सावकाश ये," तो म्हणाला. "टोळीचं आज काही नाही. मी जरा तळ्याच्या रस्त्यानं चक्कर मारेन."

हेच तिला हवं होतं. ती गॅरेजात पोचली, तेव्हा हिरव्या टाकीची एक गाडी पुसून दारात लावलेली होती.

"गिऱ्हाईकाची आहे. उद्या न्यायची ठरलीय," मेकॅनिक म्हणाला. "मला एक फेरी मारून बघायचीच होती, ती तुम्हीच मारा. सीट खाली करून घेतलेली आहे, पाय नीट टेकतील तुमचे. आणि ते स्कूटरचं अर्धं टोपलं ठेवा इथंच. हे घाला."

आरशाला अडकवलेलं गाडीबरोबरचं हेल्मेट त्यानं काढून दिलं. काळ्या काचेचं होतं आणि तिच्या डोक्याला अगदी मापात बसलं. वर त्याचं जाड जॅकेट आणि हातमोजे चढवल्यावर तिला स्वतःलाच आपण कोण ते कळेना.

तळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती क्लच कवळी बसवल्यासारखा हळू सोडत गेली. मग समोरून एक पिकल्या दाढीचा मोठ्या गाडीवाला आला. त्यानं डावा हात खाली सोडला. दोन बोटं. तिनंही सोडला. इतकं सोपं होतं तर! पुढच्या दोन मैलांत आणखी तिघांनी केला आणि तिला हेल्मेटच्या आत हसू आवरेना. दीड महिन्याची जळजळ कुठल्या कुठे पळाली.

आणि वळणावरून नवरा आला.

त्यानं लांबूनच पाहिलं. हात सुटला, खाली गेला, दोन बोटं नीट तिच्याकडे. तिनं उत्तर दिलं. डोळे भरून आले. बाई, एवढ्यासाठी रडतेस? तिनं स्वतःलाच दटावलं, पण रडली.

आरशात तिला त्याची गाडी मंदावताना दिसली. तो वळत होता. ओळखलंन वाटतं, तिला वाटलं, आणि अंगभर आनंद पसरला. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बोलायचं वाक्य केव्हापासून पाठ करून ठेवलेलं होतं: स्कूटरवालीला आता तरी हात करशील ना? ती हेल्मेटचा पट्टा सोडू लागली, पण जाड हातमोज्यांनी तो सुटेना.

नवऱ्यानं गाडी तिच्या गाडीला खेटून उभी केली. स्वतःच्या हेल्मेटची काच वर केली आणि तिच्या हातावर हात ठेवला. तो हसत होता. असं हसताना तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"गाडी आजच मिळाली? बरं झालं," तो म्हणाला. "चल घरी. ती बहिणीकडे गेलीय, संध्याकाळपर्यंत येत नाही."