बुवा अडायचे ती ओवी

"तेवढा बाईचा आवाज काढून टाकजो," चतुराबाई म्हणाल्या.

मेघानं हेडफोन उतरवला. "काऊन आजी? गोड आहे की."

"गोड हाये म्हनून का ठेवा लागते?"

सेवाग्राम रस्त्यावरच्या त्या सभागृहात व्यासपीठ नव्हतं, प्रमुख पाहुणे नव्हते. जुनी गाणी, पोथ्या, बोली संगणकात कशी जपायची, ते बोलायला माणसं जमली होती. ज्याला जे मांडायचं, त्यानं चिठ्ठी लिहून भिंतीला चिकटवायची. ज्यांना रस, त्यांनी त्याच्याभोवती खुर्च्या ओढायच्या. नवऱ्याच्या कीर्तनांच्या कॅसेटी घेऊन आलेल्या चतुराबाईंची चिठ्ठी तिथं मदतीला असलेल्या मेघानं लिहून दिली होती : 'श्रावणबुवांची कीर्तनं. चार कॅसेटी.' तिच्यासोबतच्या स्वप्निलनं त्या सकाळीच लॅपटॉपवर उतरवून घेतल्या होत्या.

त्यानं पहिली पुन्हा लावली. बुवांचा भरदार आवाज, मागं पेटी. "लेकरू रडलं, आन्..." बुवा अडले. बायकांच्या बाजूनं हळूच शब्द आले, "धावली माय." बुवांनी ते उचलले आणि टाळ असे कडाडले की स्वप्निलची बोटं टेबलावर ठेका धरू लागली.

"तो आवाज माहा हाये," चतुराबाई खाली पाहत म्हणाल्या. "सोताच रचलेली ओवी, अन् सोताच इसरत. मी पुढंच बसो, सांगो. गावाले कधी कळू नाई देलं. आता तुमी जगाले आयकवान. लोक म्हनतीन, बुवाले पाठ नोतं."

"आवाज तुमचा, मर्जी तुमची," मेघा म्हणाली.

"थांबा, कुठं कुठं आहे ते पाहून घेतो." स्वप्निलनं चारही कीर्तनांतली तीच ओवी पडद्यावर एकाखाली एक मांडली. तीन ठिकाणी बुवा अडले होते. तोच शब्द, तेवढाच वेळ.

"चौथ्यात नाही अडले," तो म्हणाला. "बाईचा आवाजही नाही."

"कोनती ते?"

मेघानं कॅसेटीवरची चिठ्ठी वाचली. "सिंदी. दत्तजयंती, अठ्ठ्याऐंशी."

"तवा मी नोती. माहेरी होती, बाळंतपनाले."

स्वप्निलनं चौथी लावली. "लेकरू रडलं, आन् धावली माय." एका दमात. बुवा पुढच्या ओवीवर गेलेसुद्धा.

"पुन्हा लाव बरं," चतुराबाई म्हणाल्या.

त्यानं लावली. मग त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितली.

"आजी," मेघानं हळूच विचारलं, "तुमचा आवाज काढू का मग?"

"राहू दे." चतुराबाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि त्यांना हसू आलं. "लबाड होता मानूस. अन् मी जलमभर समजत होती, का मीच त्यायले सांभाळून घेते."