शनिवारची भाजणी

कपाटातून बुडबुड असा आवाज आला आणि वीणाकाकू बोलता बोलता थांबल्या.

"कपाटात काय आहे गं?"

नेत्राच्या तोंडचं पाणी पळालं. खोली ती केवढीशी! अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या काकूंच्या घराचं तळघर. पलंगावर बसून हात लांबवला तर शेगडीला लागावा आणि पाय लांबवले तर कपाटाला. लपवायला दुसरी जागाच नव्हती. म्हणून कपाटात, पंजाबी ड्रेस आणि थंडीच्या जाकिटांच्या मधोमध, बियरची बादली आंबत बसली होती. झाकणावरच्या नळीतून मधूनच बुडबुडा सोडायची. नेत्रा भाड्याने राहायला आली त्याच दिवशी काकूंनी बजावलं होतं, या घरात दारू नाही हं, ह्यांना अजिबात चालत नाही. हे म्हणजे नरेंद्रकाका. रिटायर्ड डॉक्टर, जन्मभर लोकांची लिव्हरं तपासलेला माणूस. नेत्राने निमूट मान डोलावली होती.

पण खूळ एकदा डोक्यात शिरलं ते शिरलंच. दिवसभर ऑफिसात ती कोड लिहायची. ते ना हुंगता येतं, ना कुणाला वाढता येतं. आपल्या हातचं काहीतरी असावं असं तिला फार फार वाटायचं. पहिल्या खेपेला बियरचं व्हिनेगर झालं. दुसऱ्या खेपेला साबणाचं पाणी. तिसऱ्या खेपेला मात्र अशी काही जमली, की पहिल्या घोटालाच तिला नाचावंसं वाटलं. सोनेरी रंग, वर बोटभर फेस, मागून हलकासा कडवटपणा. पण सांगणार कुणाला? नागपूरला आईला? छे! एवढा आनंद झाला आणि तो वाटून घ्यायला कुणी नाही, याचं तिला रडू आलं होतं.

काकूंचा घोळ वेगळाच होता. दर शनिवारी नेत्रा मोड काढून वाळवलेले सातू भाजायची, मग मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात मुरवायची. तो खमंग वास जिन्यावरून थेट काकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंनी ठरवूनच टाकलं की मुलगी भाजणी भाजते. अमेरिकेत, नोकरी करून, घरची भाजणी! त्यांनी अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला हे कौतुक सांगितलं. काकाही शनिवारी उगाचच तळघराच्या खिडकीपाशी फुलझाडं बघत उभे राहायचे.

त्यात डब्याची भानगड. काकू खाली कधी अळूवडी पाठवायच्या, कधी साबुदाण्याची खिचडी. आणि काकूंच्या घरून कुणाचं भांडं कधी रिकामं परत जात नसे. घरात काही नसलं तर चमचाभर साखर, पण रिकामं नाही. मग नेत्राने तरी डबा रिकामा कसा द्यायचा? एकदा घरात काहीच नव्हतं, तेव्हा तिने पातेल्यातलं पाणी बियरसाठी गाळून उरलेला सातूचा चोथा ओव्हनमध्ये वाळवला, मिक्सरमधून काढला, त्यात बेसन, तांदळाची पिठी, धने-जिरे घातले आणि डबा भरून वर पाठवला. त्याची थालिपीठं अशी खुसखुशीत झाली, की काका मागून मागून जेवले. आज काकू अनारशांनी भरलेला डबा घेऊन आल्या होत्या त्या मंडळाच्या गणपतीसाठी आणखी भाजणी मागायला.

आणि आता कपाट बुडबुडत होतं.

इडलीचं पीठ म्हणावं, असं नेत्राच्या मनात आलं. पण काकूंनी दार उघडलंसुद्धा.

"बियर आहे, काकू," ती म्हणाली. "भाजणी त्यातलीच. पण तो नुसता चोथा, त्यात दारू नसते."

काकू पलंगावर बसल्या. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतंच. मग उठल्या, अनारसे ताटलीत काढले आणि सवयीने रिकामा डबा पुढे केला. भाजणीची चिमूटसुद्धा शिल्लक नव्हती. नेत्राने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पलंगाखालून त्या तिसऱ्या खेपेतली एक बाटली काढली आणि नॅपकिनमध्ये गुंडाळून, डोळे मिटून, डब्यावर ठेवली. काकूंनी ती ओढणीखाली घेतली. ह्यांना सांगावं लागेल, एवढंच बोलून त्या जिना चढून गेल्या.

रविवार नेत्राने फोनवर भाड्याच्या खोल्या बघण्यात घालवला. वर खुर्च्या सरकत होत्या, काकांचा आवाज चढत होता, पण शब्द काही कळत नव्हते. तिला खोलीपेक्षा काकूंचं जास्त वाईट वाटत होतं.

सोमवारी ऑफिसला निघाली तर पायरीवर बाटली. घासून लख्ख केलेली. तिने उचलली, उलटी केली. काही नाही. साखरेचा दाणासुद्धा नाही. आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं न धाडणाऱ्या बाईने तिची बाटली रिकामी परत केली होती. म्हणजे संबंध तुटला.

वरची खिडकी उघडली. काकूंनी आधी मागे वळून घरात पाहिलं, मग खाली वाकल्या.

"मुद्दाम रिकामी ठेवलीये. भरून दे."

खिडकी बंद होता होता पुन्हा उघडली.

"आणि ह्यांना वेगळी दे. माझ्यातली पितात."