चाळीस ओली नाणी

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो, पण धाकट्या भावाची दशा बघवली नाही.

बाबांनी जन्मभर जमवलेली तांब्याची चाळीस नाणी उद्या प्रदर्शनात मांडायची होती. त्यांवरचा मळ काढायचं काम त्यांनी तिशीतल्या धाकट्यावर पहिल्यांदाच सोपवलं. "एवढं तरी धड कर," म्हणाले आणि बाहेर पडले.

नाण्यांचा नाद असलेल्या मित्राने फोनवर रीत सांगितली. धाकट्याने ती जिवापाड पाळली. घासलं नाही, लिंबू लावलं नाही. स्वच्छ पाण्यात भिजलेलं एकेक नाणं काढून ताटलीत ठेवायचा आणि वहीत त्याचं साल, छाप, ओरखडे, सगळं लिहायचा. चाळिसावं लिहून मान वर केली, तर पहिल्या नाण्यांवर पाण्याचे काळे डाग धरलेले.

त्याने मित्राला फोन लावला. "मेलो रे! तू म्हणालास तस्संच केलं. पाण्यातून काढलं की लगेच टिपून घेतलं!"

"अरे गाढवा, टिपून घे म्हणजे फडक्याने! वहीत नव्हे!"

दाराबाहेर बाबांच्या चपला वाजल्या. धाकटा रडवेल्या आवाजात फोनमध्ये कुजबुजला, "बाबा काहीही बोलोत, तुझं नाव घेणार नाही. माझंच मराठी कच्चं निघालं म्हणून सांगेन. शपथ."